हकाशिवाय सब्र

आमच्या यंत्रमागाच्या गावात मय्यतीचे घर लांबूनच ओळखू येते. दाराबाहेर चपलांचा ढीग, भाड्याने आणलेल्या खुर्च्या, आतल्या खोलीत सिपारे वाचत बसलेल्या बायका. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी आम्ही बसलो होतो. गेलेल्या माणसाने पन्नाशीही गाठलेली नव्हती. पंचवीसेक वर्षे तो साच्यावर उभा राहिला होता. बारा तासांची पाळी, आज दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री. कापसाचे तूस छातीत साठत गेले, आधी खोकला आला, मग धाप आली, मग साच्यावरून कॉटवर आणि कॉटवरून कब्रस्तानात. मागे बायको, दोन मुली आणि एक शाळकरी मुलगा.

येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जात होता, "सब्र करो भाभी, अल्लाह की मर्जी." मौलवीसाहेब तेच म्हणाले. मोहल्ल्यातले पुढारी तेच म्हणाले. मोठे दीर तेच म्हणाले. शेवटी कारखान्याचे मालक आले. तेही आपलेच, पाच वक्तांचे नमाजी, दोनदा हज करून आलेले. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात फिरवला, पडद्याआडच्या बाईला उद्देशून "सब्र करो बेटी" म्हणाले, बिर्याणीच्या देगीसाठी काही नोटा दिरांच्या हाती ठेवल्या आणि निघून गेले.

चाळिसावा झाला. बाईची इद्दत, चार महिने दहा दिवस, पुरी झाली. तोवर मजुरीची थकलेली रक्कम किती, हे कोणी विचारले नव्हते. कापसाच्या तुसाने होणारा छातीचा आजार कामगार भरपाईच्या कायद्यात धंद्याचा आजार म्हणून नोंदलेला आहे, हे कोणी सांगितले नव्हते. नवऱ्याच्या राहत्या घरात आपला आठवा हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे, आणि मुलींचाही ठरवून दिला आहे, हेही त्या बाईला कोणी सांगितले नव्हते. सांगितला होता तो फक्त सब्र.

त्या दिवसापासून हा शब्द आमच्या घशात अडकून बसला आहे.

आम्ही सब्राच्या विरोधात लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लेख अर्धा वाचूनच फतवे निघायचे. आम्ही सब्राच्या बाजूने लिहितो आहोत. आमचे भांडण आहे ते सब्राच्या नावाने बाजारात चाललेल्या खोट्या नाण्याशी.

मराठीने अरबीतून कितीतरी शब्द घेतले. त्यांतच हा एक आहे. आपण म्हणतो, "जरा सबुरीने घ्या." अर्थ काय? थांबा, घाई करू नका, गप्प राहा. आपल्या मोहल्ल्यातल्या बयानांतही सब्राचा अर्थ असाच पातळ होत गेला आहे. पण अरबीतल्या मूळ धातूचा अर्थ आवरून धरणे, बांधून ठेवणे, ठाम राहणे असा आहे. माणसाने स्वतःला धरून ठेवायचे, पाय उखडू द्यायचे नाहीत, जीभ आणि हात बेताल होऊ द्यायचे नाहीत. वादळात तंबूचा दोर हातातून सुटू न देणारा माणूस सब्र करीत असतो. तंबू उडाल्यावर आकाशाकडे बघत बसणारा नव्हे.

कुरआन शरीफमध्ये हा शब्द एकटा फार थोड्या ठिकाणी उभा आहे. सूरह बकरामध्ये सब्राला नमाजची जोड आहे. आले इम्रानच्या शेवटच्या आयतीत त्याच्यापुढे एकमेकांना टिकवून धरणे आणि पहाऱ्यावर सज्ज राहणे येते. आणि सूरह अस्र! तीन आयतींची ती छोटी सूरह आपल्या प्रत्येक मुलाला मकतबमध्येच पाठ होते. घाट्यात नसलेली माणसे कोण, ते त्यात सांगितले आहे. ईमान बाळगणारी, सत्कर्मे करणारी, एकमेकांना हकाची ताकीद करणारी आणि एकमेकांना सब्राची ताकीद करणारी. क्रम नीट पाहा. हक आधी, सब्र नंतर. हक म्हणजे सत्य, आणि हक म्हणजे ज्याचे त्याला देणे. हकासाठी उभे राहिले की त्रास होणार, म्हणून मग सब्र. आम्ही मात्र सूरह पाठ करतो, तिचा तिसरा भाग गिळतो आणि चौथा भाग विधवेच्या पदरात टाकतो.

सूरह बलदमध्ये तर याहून स्पष्ट आहे. चढणीच्या अवघड वाटेची गोष्ट तिथे आहे. ती वाट कोणती? गुलामाची मान सोडवणे, उपासमारीच्या दिवशी नात्यातल्या अनाथाला किंवा धुळीत पडलेल्या गरिबाला जेवू घालणे. हे केल्यावर सब्राची आणि दयेची ताकीद करणाऱ्यांत बसायची जागा मिळते. ज्याने मान सोडवली नाही आणि घास दिला नाही, त्याला दुसऱ्याला सब्र शिकवण्याचा अधिकार कुठून आला? मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण सांगितली जाते. त्या कारखानदार हाजीसाहेबांनी ती कधी ऐकली नव्हती असे आम्हाला वाटत नाही. ऐकली होती. पण सब्र स्वस्त पडतो, मजुरी महाग.

"पण तकदीर?" असे विचारणारे भेटतात. जे लिहिले आहे ते होणारच, मग धडपड कशाला?

या प्रश्नाचे उत्तर तेराशे ऐंशी वर्षांहून जुने आहे. सन 639 मध्ये, हिजरी 18 मध्ये, शाम देशात अमवासची ताऊन म्हणजे प्लेग पसरली. खलिफा हजरत उमर (रजि.) शामकडे निघालेले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना बातमी कळली. त्यांनी मुहाजिरांना विचारले, अन्सारांना विचारले, कुरैशच्या वृद्धांना विचारले आणि परत फिरायचे ठरवले. सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी हरकत घेतली की हे अल्लाहच्या तकदिरीपासून पळणे नाही का? हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय असा की होय, आपण अल्लाहच्या एका तकदिरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदिरीकडे जात आहोत. एका खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि एक ओसाड असेल आणि तू तुझे उंट हिरव्या बाजूला चारलेस, तर तेही तकदिरीनेच नाही का? हजरत अबू उबैदा आपल्या सैन्यासोबत तिथेच राहिले आणि त्याच साथीत गेले. त्यांच्या निष्ठेबद्दल आम्ही ब्र काढणार नाही. पण ज्यांच्यावर लोकांची जबाबदारी होती, त्यांनी काय केले हे तरी पाहा. त्यांनी माहिती घेतली, सल्ला घेतला आणि निर्णय घेतला.

2020 साली कोरोना आला तेव्हा हा किस्सा आपल्या किती मशिदींतून सांगितला गेला? काही ठिकाणी सांगितला गेला, मशिदी वेळेवर बंद झाल्या, जुम्मा घरी जोहर म्हणून पढला गेला. काही ठिकाणी मात्र "मौत का दिन तय है" म्हणत लोक गर्दी करत राहिले. आजाराला जमातीचे नाव देऊन मुसलमानांना बदनाम करणाऱ्यांनी त्या काळात जो अन्याय केला, तो आम्ही विसरलेलो नाही. पण त्या अन्यायाच्या आडोशाला आपली बेफिकिरी लपवता येणार नाही.

आणि तकदिरीचा हा सोयीचा अर्थ कोणी वाढवला, तेही इतिहासात नोंदलेले आहे. उमय्या घराण्याच्या काळात माणसाला काहीच अखत्यार नाही असे मानणाऱ्या विचाराला दरबाराची हवा मिळत गेली. राजाचा जुलूमही अल्लाहनेच लिहिलेला, मग तक्रार कोणाकडे करणार? हसन बसरी यांच्या नावाने ओळखले जाणारे एक पत्र खलिफा अब्दुल मलिकला लिहिलेले आहे. माणूस आपल्या कृत्यांना जबाबदार आहे, पाप स्वतः करून ते अल्लाहवर ढकलू नये, असा त्याचा रोख आहे. तख्तावर बसलेल्याला तकदीर आवडते आणि तख्ताखाली चिरडलेल्याला ती शिकवली जाते. काळ बदलला, तख्ताच्या जागी कारखान्याची गादी आली, इतकेच.

दुःखात रडू नये, हा आणखी एक गैरसमज. मयताच्या घरी डोळ्यांत पाणी आले की लगेच कोणीतरी दटावते. ईमान कमजोर आहे काय? पैगंबर (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. त्यांनी अश्रूंना रहमत म्हटले. जिभेवर फक्त असे काही येऊ दिले नाही जे रबला नापसंत पडेल. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या मुलासाठी सूर्य काळवंडला. मुलगा गेलेल्या बापाला हे ऐकून बरे वाटले असते. पण त्यांनी लोकांना थांबवले आणि सांगितले की सूर्यचंद्राला कोणाच्या मरणाने वा जन्माने ग्रहण लागत नाही. स्वतःच्या सर्वांत मोठ्या दुःखातही असत्याचा आधार घ्यायचा नाही, याहून मोठा सब्र आम्हाला माहीत नाही. गंडे, ताईत आणि उताऱ्यांची दुकाने चालवणाऱ्यांनी हा प्रसंग आपल्या दारावर लिहून लावावा.

हजरत याकूब (अ.) यांचेही तसेच. मुलाच्या वियोगात त्यांची दृष्टी गेली, आणि त्यांच्याच सब्राला कुरआनने सुंदर म्हटले. म्हणजे दुःखाने माणूस मोडू शकतो, आजारी पडू शकतो, आणि तरीही तो साबिर असू शकतो. आमच्या मोहल्ल्यात आज कितीतरी तरुण आणि बाया आतून खचलेल्या आहेत. झोप नाही, भूक नाही, जगावेसे वाटत नाही. त्यांना आपण काय सांगतो? "नमाज पढ, सब ठीक हो जाएगा." नमाजने धीर येतो, हा आमचाही अनुभव आहे. पण मोडलेल्या हाडाला आपण फक्त नमाज सांगत नाही, प्लास्टर घालतो. मग मोडलेल्या मनाला डॉक्टरकडे नेण्यात लाज कसली? दहाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अबू झैद अल-बल्खी या मुसलमान विद्वानाने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. आपण हजार वर्षे मागे गेलो तरी आजच्यापेक्षा पुढे जाऊ!

आता थोडे आमच्या पुरोगामी मित्रांविषयी. ते म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतोच. हा दोष धर्माचाच आहे. श्रद्धा माणसाला लुळे करते. ती सोडा, मग हक मिळेल.

त्यांच्याशीही आमचे भांडण आहे, पण ते आदराचे आहे. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. तोंडी तलाकला विरोध करणाऱ्या त्या सात बाया सब्र सोडून आल्या होत्या असे आमच्या लोकांना वाटले. आम्हाला वाटते, त्या सब्र घेऊनच आल्या होत्या, हकासह. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, तोवर एकावन्न वर्षे लोटली होती. दलवाईंच्या सगळ्या मतांशी आम्ही सहमत नाही. पण त्या सात जणींना जे काम आपल्या उलेमांनी करायला हवे होते ते करावे लागले, याची शरम आम्हाला वाटते.

तरीही मित्रांना आमचा एक प्रश्न आहे. ज्या दुःखात हक मागायला कोणी समोर नसतो, तिथे तुम्ही काय देता? तापाने मूल गेले. उपचारात कसूर झाली नाही, कोणी फसवले नाही, तरी गेले. त्या आईला कायदा काय देणार, मोर्चा काय देणार? तिथे "आपण सारे अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परतणारे" हा विश्वास तिला रात्र काढायचे बळ देतो. मूल आपल्या मालकीचे नव्हते, अमानत होते, हा विचार दुःख संपवत नाही, पण दुःखाला जागा देतो. आम्ही आमच्या घरातली मय्यत याच आधारावर उचलली आहे. हा आधार अफू असेल तर ज्याने ती वेदना सोसली त्याने तसे म्हणावे, कोरड्या खुर्चीवर बसलेल्याने नव्हे.

म्हणजे प्रश्न श्रद्धा की संघर्ष असा नाहीच. एक दुःख अल्लाहकडून येते, एक माणसाकडून. पहिल्यात सब्र हे औषध आहे. दुसऱ्यात सब्र हे चिलखत आहे, ते घालून लढायला जायचे असते. माणसाने केलेल्या जुलमाला अल्लाहची मर्जी म्हणणे ही अल्लाहवर तोहमत आहे. आमच्या मते तो गुन्हा आहे.

बीबी हाजरा यांची आठवण काढा. ओसाड खोरे, तहानलेले बाळ, पाण्याचा थेंब नाही. त्यांचा अल्लाहवर भरवसा नव्हता असे कोण म्हणेल? तरी त्या बसून राहिल्या नाहीत. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. पाणी सफावर मिळाले नाही, मरवावरही नाही. झमझम फुटला तो बाळाच्या पायांपाशी. देणारा त्याच्या जागेवरून देतो, पण धावायचे आपल्याला असते. आज हज-उमऱ्याला जाणारा कोट्यधीशही एका गरीब, एकट्या आईच्या त्या धावण्याची नक्कल केल्याशिवाय परत येऊ शकत नाही. आमच्या कारखानदार हाजीसाहेबांनीही ती सई केली असणार. गावी येऊन मात्र एका आईला त्यांनी "बैठो, सब्र करो" सांगितले!

शिअब अबी तालिबचे बघा. मक्केच्या सरदारांनी बनू हाशिमवर तीन वर्षे बहिष्कार टाकला. खरेदी-विक्री बंद, सोयरीक बंद. पोरे भुकेने रडत, लोक झाडपाला खात. तो सब्र होता, यात शंका नाही. पण तो बहिष्कार मोडला कसा? हिशाम बिन अम्र आणि मुतइम बिन अदी यांच्यासारखे मक्केतले काही गैरमुस्लिम उठले आणि काबागृहापाशी भर सभेत म्हणाले, हा करार जुलमी आहे, आम्हाला मान्य नाही. ज्यांचा सब्र, त्यांच्याबरोबर दुसऱ्यांचे ईमानदार बोलणे. आजही आर्थिक बहिष्काराची पत्रके गावोगाव फिरतात तेव्हा आम्हाला आपल्या गावातले असे मुतइम शोधायला हवेत. ते आहेत. आपणच त्यांच्या दारी जात नाही.

या काळातला साबिर कसा असतो? 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात अब्दुल वाहिद शेख हे शाळामास्तर नऊ वर्षे तुरुंगात होते. 2015 मध्ये ते निर्दोष सुटले. तुरुंगात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि बाहेर आल्यावर आत राहिलेल्यांसाठी लढत राहिले. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतला एक जण चार वर्षे आधीच तुरुंगात कोरोनाने गेला होता. राज्य सरकार त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. स्फोटांत गेलेल्या दीडशेहून अधिक माणसांच्या घरच्यांनाही अजून न्याय मिळालेला नाही, आणि त्यांचे दुःख आमचेही आहे. पण एकोणीस वर्षे! या काळात त्या घरांतल्या आया आणि बायका तारखांना उभ्या राहिल्या, वकिलांची फी जमवली, कागद जपले. आम्ही त्या सब्रापुढे मान झुकवतो. त्यात गप्प बसणे कुठेच नव्हते.

आणि दुसरे उदाहरण आमच्याच यंत्रमागाच्या जगातले, इचलकरंजीचे. मे 2020 मध्ये, रमजानच्या दिवसांत, तिथल्या मुस्लिम समाजाने ईदचा खर्च वाचवून आणि जकातीतून 36 लाख रुपये उभे केले आणि सरकारी इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. तिथे कोण रुग्ण झोपणार, हिंदू की मुसलमान, हे कोणी विचारले नाही. नवे कपडे न घेता ईद काढणे हा सब्र. त्या पैशातून दुसऱ्याचा श्वास चालू ठेवणे हा हक. दोन्ही एकत्र आले की असे काहीतरी उभे राहते.

राजकारण्यांचा सब्र वेगळाच. 2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला. 2013 साली महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीचा आला. 2014 साली वटहुकमाने 5 टक्के आरक्षण मिळाले. उच्च न्यायालयाने त्यातल्या शिक्षणाच्या भागाला स्थगिती दिली नव्हती. तरी वटहुकूम संपू दिला गेला. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत आमच्या मोहल्ल्यात येऊन टोपी घालणारे नेते एकच सांगतात, थोडा सब्र ठेवा. खजूर खातात आणि जातात. आमचेच पुढारी त्यांच्या शेजारी उभे राहून मान डोलावतात.

म्हणून आम्ही आपल्या वाचकांपुढे, विशेषतः मशिदीच्या ट्रस्टींपुढे आणि इमामांपुढे, काही साध्या गोष्टी ठेवतो. मय्यतीच्या घरी जाल तेव्हा सब्र सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा. मजुरी किती थकली आहे? कर्ज किती आहे? हिस्से कोणाचे किती? दफननंतरच्या आठवड्यात एक जाणकार माणूस त्या घरी पाठवा, त्याने कागद बघावेत. जकात अडीच टक्के मोजताना मजुराची बुडवलेली मजुरी आधी चुकती करा, कारण हरामाच्या मालातून जकात साफ होत नाही. खचलेल्या माणसाला दुआसोबत दवाखान्याचा पत्ता द्या. जुम्माच्या बयानात सूरह अस्र पुरी सांगा, अर्धी नको.

त्या घराचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. इद्दत संपल्यावर ती बाई स्वतः कारखान्याच्या दारात गेली. सोबत मोठी मुलगी होती, हातात नवऱ्याची पगाराची वही. मेहताने सांगितले, शेठ नमाजला गेलेत. ती म्हणाली, येऊ देत, मी थांबते. ती दुपारपासून असरपर्यंत दारातच बसून राहिली. आतून दोनदा निरोप आला, घरी जा, सब्र करो.

तिने उत्तर दिले, "सब्रच करतेय भाई. म्हणून तर बसलेय."

थकलेल्या मजुरीचा अर्धा भाग त्या दिवशी मिळाला. उरलेल्यासाठी आणि घरातल्या आठव्या हिश्श्यासाठी ती अजून चकरा मारते आहे. सात झाल्या की नाही, आम्ही मोजलेले नाही. पण सफा-मरवा कुठे आहे, ते आम्हाला तिच्यामुळे कळले.